शकूचा कित्ता

शकूचे केस गेले त्या वर्षी आमच्या घरात शाळा भरली. शकू माझी धाकटी बहीण. आमच्या मधली भावंडं जगली नाहीत, त्यामुळं ती माझी बहीण कमी आणि लेकच जास्त होती. पहिलीत नाव घातलं, पाटी-दप्तर झालं, आणि आठ दिवसांत तिला मुदतीचा ताप आला. तापातून उठली ती नुसती हाडं घेऊन. डोक्याला हात लावला की केस हातात यायचे. शेवटी मायनं न्हाव्याला बोलावून सगळे काढून टाकले आणि डोक्याला एक मऊ फडकं बांधलं. डॉक्टरांनी बजावलं की वर्षभर हिला शाळेत पाठवायचं नाही. तशी ती गेलीही नसती. गल्लीतल्या पोरांनी एकदा फडकं ओढून ‘टकली टकली’ केलं होतं, तेव्हापासून ती उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकायला तयार नव्हती. वर्ष फुकट जाऊ नये म्हणून तिला घरीच शिकवायचं ठरलं, आणि मास्तरीण कोण, तर मी. सातवी पास होऊन घरी बसलेली, स्थळं बघणं चाललेलं, आणि जिभेला हाड नसलेली.

आम्ही जिंतूरला राहायचो. धाब्याचं लहानसं भाड्याचं घर, पुढं ओटा, मागं परस. भिंतीला भिंत लागून एका पिंजाऱ्याचं दुकान होतं. सकाळपासून त्याच्या धनुकलीचा टुंग टुंग आवाज सुरू व्हायचा आणि कापसाची म्हातारी उडत उडत आमच्या भाकरीच्या पिठात येऊन पडायची. माय रोज त्याच्या नावानं बोटं मोडायची आणि रोज येसराची आमटी केली की वाटीभर त्याच्या बायकोला द्यायची. शकूला मात्र आमटी बंद. मुगाचं पाणी आणि गुरगुट्या भात, महिनोन् महिने. ती ताटाकडं बघून म्हणायची, “आक्का, मला बी लालभडक पाहिजे.” मग मी माय बघत नाही असं पाहून माझ्या भाकरीचा एक तुकडा आमटीत बुडवून तिच्या तोंडात घालायची. तिखटानं डोळ्यांत पाणी यायचं तिच्या, पण तोंड उघडंच, आणखी पाहिजे म्हणून.

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. ते कचेरीत अहलकार होते, म्हणजे आताचा कारकून. आमचं घराणं शेतकऱ्याचं. नांगर सोडून कलम धरणारे दादा पहिलेच. आणि कलम तरी कसली! निजामाच्या शाळेत त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. मराठी आमच्या तोंडात होती, पण कागदावर नव्हती. दादांचं उर्दू अक्षर असं होतं की कचेरीतल्या कुणाला वर अर्जी धाडायची असली की तो आधी आमच्या ओट्यावर यायचा. ‘खुशखत’ म्हणायचे त्याला. बोरूचं तिरकं टोक काढून दादा लिहायला बसले की मी श्वास रोखून बघत बसायची. मला वाचता काहीच यायचं नाही, पण ते लिहिणं डोळ्यांना गोड लागायचं. मराठी छापील मजकूर ते बोट ठेवून, अडखळत वाचायचे. लिहायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

ती आली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि कचेरीचं कामकाज मराठीत करायचा हुकूम आला. मी चुलीपुढं फुंकर घालत होते आणि दादा जेवता जेवता मायला सांगत होते, ते मी या कानांनी ऐकलं. “मराठीचं इम्तेहान द्यावं लागतंय म्हने. पास झालं तर मेज राहील. न्हाई तर दप्तरखान्यात बसवतील, जुनी गाठोडी बांधत.” माय म्हणाली, “आवो, मग शिका की. घरात लेक शिकल्याली हाय.” दादांनी मान खाली घालून आमटी ओरपली आणि म्हणाले, “बघू.” मी तिथंच होते, हातभर अंतरावर. पण माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. आजच्या पोरींना हे सांगितलं तर खोटं वाटेल, पण आमच्याकडं बाप-लेकीनं समोरासमोर बोलायची रीतच नव्हती. मला दादांना सांगायचं असलं की मी मायला सांगायची, दादांना मला रागवायचं असलं की ते मायला रागवायचे. आणि बापानं वयात आलेल्या लेकीपुढं पाटी घेऊन बसायचं, ‘मला शिकव’ म्हणायचं, हे तर गल्लीत कुणी ऐकलं असतं तर हसून हसून लोळले असते लोक.

थोड्याच दिवसांनी दादांनी परभणीहून शकूसाठी पुस्तकं आणवली. अंकलिपी, उजळणी, आणि कित्ते. वरच्या ओळीत ठसठशीत छापील अक्षर आणि खाली पानभर रिकाम्या ओळी. मुलानं बघून बघून तेच गिरवायचं. एका लेकराला इतके कित्ते कशाला, असं मायनं विचारलं. “असू दे. खराब करंल,” दादा म्हणाले. पाट्यासुद्धा दोन आल्या. एक फुटली तर असावी म्हणून, असं तेव्हा सांगितलं होतं.

शाळा संध्याकाळी भरायची. दादा कचेरीतून आले की पाय धुऊन, चहा घेऊन थेट सतरंजीवर येऊन बसायचे. कंदिलाची काच ते स्वतः पुसायचे, ओल्या फडक्यानं दोन्ही पाट्या स्वतः पुसायचे. शकू एका बाजूला, दादा एका बाजूला, मध्ये मी. पहिले काही दिवस ते नुसते बघत. मग एकदा शकू कुरकुर करायला लागली तशी म्हणाले, “थांब, मी बी काढतो. बघू कुणाचं चांगलं येतंय.” झालं, तेव्हापासून दुसरी पाटी त्यांची झाली. शकूला याची फार मजा वाटायची. दादांची सवय उजवीकडून लिहायची. ते शिरोरेघ उजवीकडून डावीकडं ओढायचे आणि शकू टाळ्या पिटायची, “आक्का, दादा उलटं करायलेत! दादाला मार!” मी हसायची. दादाही हसायचे, रेघ पुसून डावीकडून ओढायचे. शकूला मी जे सांगायची, गाठ आधी आणि दांडी मग, काना सरळ खाली, ते सगळं ते मान न हलवता ऐकायचे. माझ्याकडं न बघता ऐकायचे, पण ऐकायचे. शकूचं पान तपासून झालं की त्यांची पाटी नकळत माझ्या बाजूला सरकलेली असायची. मी शकूला उद्देशून बोलायची, “आणि बघ हं शकू, ‘ळ’चं पोट इतकं फुगवायचं न्हाई.” दुसऱ्या दिवशी दादांच्या ‘ळ’चं पोट कमी झालेलं असायचं.

म्हणजे मला कळत होतं. मला त्या वयात काही कळलं नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. साफ खोटं आहे ते. सगळं कळत होतं. आणि खरं सांगायचं तर मला ते बघवत नव्हतं. ज्यांच्या अक्षरासाठी लोक ओट्यावर ताटकळायचे, ते माझे दादा जीभ दातांत धरून पोरासारखं ‘क्ष’ काढतायत आणि तो शकूच्या ‘क्ष’पेक्षा वाईट येतोय, याची मला लाज वाटायची. त्यांच्यासाठी वाईटही वाटायचं, पण लाज जास्त. चौदा-पंधरा वर्षांची पोर किती निर्दय असते हे तिचं तिलाच ठाऊक नसतं.

इकडं शकू कंटाळली. आधी आधी पहिली ओळ छान काढायची, दुसरी बरी, आणि खाली खाली अक्षरं वाळत जायची. मी नीट पाहिलं तेव्हा कळलं की ती वरचं छापील अक्षर बघतच नव्हती, आपल्याच आधीच्या ओळीचं बघून उतरवत होती, त्यामुळं चूक ओळीगणिक वाढत जायची. मी ओरडले की ती ‘ग’ला शेपूट काढायची, ‘ठ’ला डोळे काढायची. पाटीवरची पेन्सिल खायची. मग पोट दुखायला लागलं. कित्ता काढला की पोट दुखायचं आणि कित्ता ठेवला की बरं वाटायचं. माय म्हणायची, “लेकरू आजारातून उठलंय, कशाला त्याच्या मागं लागायलीस?” आणि एका सकाळी मायनं चुलीत घालायला सरपण ओढलं तर काटक्यांमध्ये कित्ता! शकूनं तो आत खोल खुपसून ठेवला होता. मला आधी राग आला आणि मग हसूच आलं. एवढीशी पोर, तिला काय जाळायचं ते बरोबर कळलं होतं.

मी ठरवलं, कित्ता बंद. आता मला ही अक्कल कुठून आली माहीत नाही. पुढं जन्मभर मी प्राथमिक शाळेत शिकवलं, शिक्षणावरची भाषणं ऐकली, तेव्हा कळलं की मी जे केलं त्याला मोठमोठी नावं आहेत. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की हे लेकरू सतरंजीवर मरतंय आणि परसात जगतंय. मग मी परसातच शाळा नेली. माय जात्यावर बसली की जात्याच्या फेऱ्यांवर पाढे. ज्वारीच्या दाण्यांच्या राशी करून बेरजा. राखेनं मोठमोठी अक्षरं काढायची आणि शकूनं त्यावरून चालायचं, ‘म’ची गाठ आली की गिरकी घ्यायची. थोडी उभारी आल्यावर डोक्याला फडकं घट्ट बांधून मी तिला बाजारात नेऊ लागले. त्या वर्षी बाजारातल्या दुकानांवरच्या उर्दू पाट्या खरवडून मराठी पाट्या रंगवायचं काम जोरात होतं. एक रंगारी शिडी घेऊन दुकानादुकानापुढं उभा असायचा. आम्ही खाली उभ्या राहून तो पुढचं अक्षर कुठलं काढणार ते ओळखायचो. शकू ओरडून सांगायची आणि बरोबर निघालं की रंगारी वरून ब्रश हलवायचा. जी पोर उंबरा ओलांडायला भीत होती ती भर बाजारात ‘कि-रा-णा’ म्हणून किंचाळायला लागली. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, “सुमे, तुझ्या हाताला गुण हाय ग. आमचीबी पोरगी घे की शिकवायला.” मी हवेत चालत होते नुसती.

हे सगळं दुपारी व्हायचं, दादा कचेरीत असताना. संध्याकाळपर्यंत शकू दमून जायची, जेवून झोपायची. त्या पहिल्या संध्याकाळी दादा आले, पाय धुतले, चहा घेतला, सतरंजी अंथरली, दोन्ही पाट्या पुसल्या आणि बसले. शकू मायच्या मांडीवर पेंगत होती. दादांनी थोडी वाट पाहिली. मग कंदिलाकडं बघत म्हणाले, “शकूचं पुस्तक न्हाई का आज?” मी भाकरी थापता थापता, मायला सांगितल्यासारखं म्हणाले, “तिला कंटाळा आलाय त्याचा. आता पुस्तक बंद केलंय. दुपारीच शिकवते मी.” “बरं,” दादा म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सतरंजी, पुन्हा पाट्या पुसल्या. “आज बी न्हाई का?” “न्हाई.” “बरं.” त्याच्यानंतर एकदा माय मला स्वयंपाकघरात दबक्या आवाजात म्हणाली, “सुमे, संध्याकाळी घटकाभर बस की ग पुस्तक घेऊन. त्यायला बी जरा…” तिनं वाक्य पुरं केलं नाही. आमच्याकडं पुरं करायचंच नसतं. आणि मी, जिभेला हाड नसलेली, दारातून बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात हसत म्हणाले, “दादांचं काय आता वय हाय का बाराखडी गिरवायचं?”

बाहेर दादा होते. मला ठाऊक होतं की बाहेर दादा आहेत. सतरंजीची घडी घातल्याचा आवाज आला, आणि मग ओट्यावर जाऊन बसल्याचा. त्या दिवसापासून त्यांनी पाट्या पुसल्या नाहीत. संध्याकाळी ते ओट्यावर बसायचे किंवा गफूरचाचांकडं जायचे. गफूरचाचा त्यांच्याच कचेरीतले, शेजारच्या मेजावर बसणारे, त्यांचे जिवाभावाचे दोस्त. मला बरंच वाटलं. घर मोकळं झालं, मला मनासारखं शिकवता यायला लागलं. मी इतकी खूश होते त्या दिवसांत! हेच आज सगळ्यात जास्त टोचतं. एखाद्याचं घेतलं तर घेताना हात तरी थरथरावा. माझा काही थरथरला नाही.

इम्तेहान परभणीला होतं. मायनं दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधली. दादांनी धुतलेलं धोतर, काळा कोट, वर टोपी असा सगळा सरंजाम केला आणि सकाळच्या एस.टी.नं गेले. शकूनं ओट्यावरून ओरडून सांगितलं, “दादा, उलटं लिहू नका हं!” दादा वळून हसले. संध्याकाळी परत आले तेव्हा दशम्यांचं फडकं तसंच बांधलेलं होतं. दादांनी शकूला जवळ घेतलं आणि आज काय शिकलीस म्हणून विचारलं. शकूनं एका दमात बाजारातली सगळी दुकानं म्हणून दाखवली. “शाबास!” दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीही नव्हतं, ना राग, ना दुःख. मला वाटलं, बरा गेला असेल पेपर.

थोड्या वेळानं गफूरचाचा आले. ते स्वतः परीक्षेला बसले नव्हते; नोकरी सोडून हैदराबादला लेकाकडं जायचं त्यांचं ठरलं होतं. दोघं ओट्यावर बसले. मी खिडकीशी ज्वारी निवडत होते. चाचांनी विचारलं, “कैसा गया मियाँ?” दादांनी ओट्यावरची धूळ हातानं झटकली. मग म्हणाले, “इमला घातला त्यांनी. एक जण वाचत होता, आमी लिहायचं. साधं साधं उतरत गेलो. चांगलं उतरायलं होतं, गफूरभाई, मलाच नवल वाटायलं होतं. पर जोडाक्षर आलं की हात थांबायचा. कुठलं अर्धं करायचं, कुठलं पायाखाली घ्यायचं, काहीच कळंना. तो पुढचं वाचायचा, पुढचं वाचायचा, आन् मी तिथंच. माझं तिथवरच झालतं ना.”

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. जोडाक्षरांपर्यंतच झालं होतं. जोडाक्षरांचा कित्ता मी उघडला होता, दोन-तीन पानं झाली होती आणि शकूनं तो सरपणात खुपसला होता. माझी शिकवणी जिथं थांबली, बरोबर तिथं दादांचा हात थांबला होता. चाचा म्हणाले, “अरे, घर में इत्ती होशियार बेटी है. उसकू बोलना था ना, सिखा दे बोलके.” दादा म्हणाले, “लेकीला कसं म्हनू? शकूच्या आडून चाललं होतं माझं. बरं चाललं होतं.” “फिर?” “मंग काय. लेकरू कंटाळलं,” दादा म्हणाले.

लेकरू कंटाळलं. एवढंच. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. माझं ते हसत बोललेलं वाक्य जिवाभावाच्या दोस्तालाही सांगितलं नाही. मी सूप खाली ठेवलं आणि परसात जाऊन उभी राहिले. रडू आलं नाही.

निकाल आला. दादांना मेजावरून उठवून दप्तरखान्यात बसवलं. जुन्या उर्दू मिसली, म्हणजे फायली, काढायच्या, धूळ झटकायची, गावागावाप्रमाणं लावायच्या आणि लाल फडक्यात बांधून ठेवायच्या. मराठी येणारे लोक पुढं त्यांचं काय ते बघणार. त्यातल्या कितीतरी दादांच्याच अक्षरातल्या होत्या. आपलंच खुशखत फडक्यात बांधायचं आणि वर गाठ मारायची, हे काम. ते घरी यायचे ते शिंकत, भुवयांवर धूळ घेऊन. ओट्यावर अर्जी लिहून घ्यायला कुणी यायचं बंद झालं. माय एकदा भांडी घासता घासता स्वतःशीच म्हणाली, “कचेरीत जाताना कोट घालत न्हाईत आता.” मी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

पुन्हा एकदा परीक्षेला बसता येईल असं कानावर आलं. मग माझं डोकं फिरलं. आता मला सगळं भरून काढायचं होतं, आणि ताबडतोब. सरपणातून निघालेला तो कित्ता मी धुंडाळून काढला, संध्याकाळी सतरंजी अंथरली, दोन्ही पाट्या पुसल्या, आणि दिवसभर हुंदडून दमलेल्या शकूला ओढून बसवलं. “लिही. जोडाक्षरं.” ती म्हणाली, “आक्का, आता ह्ये कशाला? मला येतंय की.” “लिही म्हणते ना!” दादा ओट्यावर होते. मी मोठ्यांदा सांगत होते, “क ला त जोडला की असा, र पायाखाली गेला की असा,” बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा. दादा आत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी शकूनं पाटी ढकलून दिली आणि म्हणाली, “तू वाईट हायस. मला न्हाई शिकायचं तुझ्याकडं.” मी तिच्या थोबाडीत मारली. तापातून उठल्यापासून तिला घरात कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. तिचं फडकं सुटून खाली पडलं आणि त्या नुकत्याच उगवलेल्या बारीक केसांचं डोकं धरून ती हमसून हमसून रडायला लागली.

दादा आत आले. त्यांनी शकूला उचलून खांद्यावर घेतलं, कित्ता मिटला आणि वर फळीवर, माझा हात पोचणार नाही असा ठेवला. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर फार बरं झालं असतं. ते पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलले, आणि आवाज अगदी हळू होता. “सुमे, तू कशासाठी करायलीस ते मला समजतंय. पर लेकराला राबवू नको माझ्यापाई. चांगलं शिकायलंय ते.” मी तिथंच म्हणायला हवं होतं, दादा, मग तुम्ही बसा. नुसते तुम्ही. ओठांपर्यंत आलं होतं. पण ती रीत, ती मेली रीत, आणि माझं ते आधीचं वाक्य दोघांच्या मध्ये येऊन उभं. मी मनाशी म्हणाले, उद्या मायच्या तोंडून सांगेन. दुसऱ्या दिवशी माय पापड लाटत होती. मग पाहुणे आले. मग मला बघायला कुणी येणार होतं. मी रोज उद्यावर ढकलत गेले. आता म्हातारपणी, परवाच माझ्या सुनेनं नातीसमोर गिरवायच्या वह्यांचा गठ्ठा टाकला आणि मला विचारलं, “आई, तुम्ही एवढ्या अनुभवी, ही कंटाळलीय तर काय करू?” मी म्हटलं, ते मग बघू, आधी घरात आणखी कोण शिकायला बसतंय ते बघ. म्हातारीचं काहीतरी, असं वाटलं असेल तिला.

शकूचे केस वाढले, अंगही भरलं, आणि वर्ष उलटल्यावर दादा तिला शाळेत घेऊन गेले. मी बरोबर होते. हेडमास्तर नवे होते, पुण्याकडचे, बोलणं छापील पुस्तकासारखं. त्यांनी शकूला वाचायला दिलं, तिनं घडाघडा वाचलं. हिशेब घातला, तो तिनं तोंडी केला. फळ्यावर लिहायला लावलं, तर टाचा उंचावून, जोडाक्षरांसकट असं स्वच्छ लिहिलं की ते खुर्चीतून उठलेच. “हिला पहिलीत बसवणं म्हणजे हिचा वेळ घालवणं होईल. दुसरीत घेऊ, कदाचित तिसरीतही. कोणी शिकवलं हिला?”

दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जन्मात पहिल्यांदा. “ह्या आमच्या सुमननं,” ते म्हणाले. “लय चांगलं शिकवती, मास्तर. मी बी हिच्याकडंच शिकत होतो. पर माझं मधीच बंद पडलं.”

हेडमास्तर खदखदा हसले. त्यांना वाटलं, बापानं लेकीच्या कौतुकात केलेली थट्टा आहे. शकूही हसली. दादासुद्धा हसत होते, आणि त्या हसण्यात मला टोमणा कुठं सापडेना. त्यांचा हात माझ्या खांद्यावर तसाच होता आणि मला जमिनीत जावंसं वाटत होतं.

परत येताना बाजारातून चाललो होतो. शकू पुढं, मग दादा, मागं मी. भर रस्त्यात मी त्यांना हाक मारली. मायशिवाय, शकूशिवाय, माझी मी. “दादा.” ते थांबले. मी म्हणाले, “आज संध्याकाळपासनं बसू या का? तुमी आन् मी. शकू न्हाई. जोडाक्षरांपासनं धरू.”

दादा माझ्याकडं बघत राहिले. इतकं सरळ त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांच्या तोंडावर राग नव्हता, उलट खूप बरं वाटल्यासारखं काहीतरी होतं.

“ती परीक्षा मागल्या हप्त्यात झाली, सुमे,” ते म्हणाले. “मी गेलो न्हाई.”